झाडाचं वजन कुठून येतं? – डॉ. यान इंगेनहाउझ यांची गोष्ट



वनस्पती स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात, हे वाक्य आपली मुलं प्राथमिक शाळेतच पाठ करतात. रिकाम्या जागा भरतात, जोड्या जुळवतात, गुणही मिळवतात. आता त्याच मुलांना जरा वेगळा प्रश्न विचारून बघा. अंगणात लावलं तेव्हा आंब्याचं रोप वीतभर होतं. आज त्याचा बुंधा दोन हातांच्या मिठीत मावत नाही. मग हे एवढं वजन आलं कुठून? बहुतेक मुलं सांगतील, मातीतून. काही म्हणतील खतातून, काही म्हणतील पाण्यातून. हवेतून असं उत्तर देणारं मूल विरळाच. मोठ्यांना विचारलं तरी फार वेगळी उत्तरं मिळत नाहीत.

यात मुलांना हसण्यासारखं काही नाही. ॲरिस्टॉटलच्या काळापासून सुमारे दोन हजार वर्षं मोठमोठे विद्वानही असंच मानत होते की झाड मुळांनी माती खातं. हे कोडं सोडवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डॉ. यान इंगेनहाउझ यांची आज ओळख करून घेऊ. त्यांचं नाव मराठी पुस्तकांत जॅन, यान, इंगेनहाऊझ, इन्जेनहाउस असं वेगवेगळं लिहिलेलं दिसतं. बऱ्याचदा ते एका ओळीत येतं आणि आपण पुढे जातो. पण त्यांचं आयुष्य नीट वाचलं तर प्रकाशसंश्लेषणाचा धडा कसा शिकवावा, हेच त्यातून उलगडत जातं.

ब्रेडा गावचा मुलगा

यानचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी नेदरलँड्समधल्या ब्रेडा या गावी झाला. वडील चामड्याचा व्यापार करत आणि औषधांचं दुकानही चालवत. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मुलगा हुशार होता, भाषा त्याला चटकन यायच्या. कुटुंब कॅथलिक असल्यामुळे तो शिकायला लूवेनच्या विद्यापीठात गेला आणि १७५३ मध्ये डॉक्टर झाला. पुढे काही काळ लायडेनला राहिला. तिथे मुसेनब्रुक नावाचे भौतिकशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. वीज साठवणारी ती प्रसिद्ध बरणी, लायडेन जार, त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. यानला औषधांइतकीच विजेची, उष्णतेची, हवेची गोडी लागली ती अशा वातावरणात.

शिक्षण संपल्यावर ते गावी परतले आणि त्यांनी दवाखाना सुरू केला. दवाखाना चांगला चालायचा. दिवसा रोगी आणि फावल्या वेळी उपकरणांची जुळवाजुळव, असं आयुष्य सुरू होतं. पुढे वडील वारले आणि त्यांनी इंग्लंडला जायचं ठरवलं. त्यामागे एक जुनी ओळख होती. यान शाळकरी असताना युद्धामुळे ब्रेडाजवळ ब्रिटिश सैन्याची छावणी पडली होती. त्या सैन्याचे डॉक्टर जॉन प्रिंगल यांचा इंगेनहाउझ कुटुंबाशी स्नेह जुळला. हेच प्रिंगल आता लंडनमधले बडे डॉक्टर झाले होते. १७६५ च्या सुमारास यान त्यांच्याकडे लंडनला पोहोचले. या ओळखीने त्यांचं आयुष्य दोनदा वळवलं. एकदा देवीच्या रोगाकडे आणि दुसऱ्यांदा झाडाच्या पानाकडे.

देवी टोचणारा डॉक्टर

आजच्या मुलांना देवी म्हणजे काय ते सांगावं लागतं, ही फार चांगली गोष्ट आहे. पण अठराव्या शतकात या रोगाने झोपड्या आणि राजवाडे दोन्ही रिकामे केले. लागण झालेल्या शंभरांतले वीस-तीस जण दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, काहींची दृष्टी जाई. लस अजून निघाली नव्हती. त्या वेळी एकच उपाय होता. सौम्य देवी आलेल्या माणसाच्या फोडातला अगदी थोडा द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचा. त्याला बहुधा हलकी देवी यायची आणि तो जन्मभरासाठी सुरक्षित व्हायचा. बहुधा, कारण शंभरांत एखाददुसरा यातही दगावायचा. त्यामुळे आपल्या धडधाकट मुलाला जाणूनबुजून रोग टोचून घ्यायला आईबापांचं मन धजत नसे.

इंगेनहाउझ यांनी ही पद्धत लंडनमध्ये शिकून घेतली. टोचताना किती खोल, किती द्रव, कोणत्या प्रकृतीच्या माणसाला, याची ते बारकाईने काळजी घेत. १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर भागात साथ आली, तेव्हा त्यांनी गावोगावच्या सुमारे ७०० लोकांना देवी टोचली. साथ आटोक्यात आली.

त्याच वेळी तिकडे व्हिएन्नाच्या राजवाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसा हताश झाल्या होत्या. देवीने त्यांची मुलं नेली, सुना नेल्या. १७६७ मध्ये त्या स्वतः मरता मरता वाचल्या. त्यांनी इंग्लंडच्या राजाकडे भरवशाचा डॉक्टर मागितला. प्रिंगल यांनी इंगेनहाउझ यांचं नाव सुचवलं.

कल्पना करा, परक्या देशात जाऊन राजघराण्यातल्या मुलांना आपल्या हाताने रोग टोचायचा. एक मूल जरी गेलं तरी डॉक्टरचं काय होईल, हे सांगायला नको. शिवाय दरबारातल्या वैद्यांना ही पद्धत मुळीच मान्य नव्हती. इंगेनहाउझ १७६८ मध्ये व्हिएन्नाला गेले. आधी तिथल्या गरीब घरांतल्या मुलांना टोचून झालं, मग राजपुत्रांना. सगळं सुखरूप पार पडलं. सम्राज्ञींनी शोनब्रुनच्या राजवाड्यात, टोचून घेतलेल्या ६५ मुलांना जेवायला बोलावलं आणि स्वतः वाढलं. रोगाचा धोका आधी गरिबाच्या मुलाने पत्करायचा आणि नंतर राजपुत्राने, ही गोष्ट आज आपल्याला खटकते, खटकायलाच हवी. मोठ्या वर्गात यावर चर्चाही घेता येईल. त्या काळात मात्र हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं.

इंगेनहाउझ दरबाराचे डॉक्टर झाले. त्यांना जन्मभराचं मानधन मिळालं. १७७५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध वनस्पतीशास्त्रज्ञ निकोलाउस जाकँ यांच्या बहिणीशी, आगाथा मारिया यांच्याशी लग्न केलं. पोटापाण्याची चिंता मिटली. दुसरा कुणी असता तर दरबारात आरामात रमला असता. यांनी मिळालेला वेळ प्रयोगांत घातला.

पुदिना, मेणबत्ती आणि अडलेलं कोडं

आता थोडं मागे जाऊ, कारण झाडाच्या अन्नाची गोष्ट इंगेनहाउझ यांच्या आधीच सुरू झाली होती.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या परिसरात फान हेल्मोंट नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी कुंडीत २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, वाळवलेली माती घेतली. त्यात ५ पौंडांचं विलो झाडाचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाडाचं वजन भरलं सुमारे १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम, कमी झाली होती. झाड माती खात नाही, हे त्या दिवशी सिद्ध झालं. मग वजन कशातून आलं? हेल्मोंट म्हणाले, पाण्यातून. कारण त्यांनी तर फक्त पाणीच घातलं होतं. कुंडीभोवतीची हवा त्यांनी हिशोबातच धरली नाही. हवेलाही वजन असतं आणि तिच्यातून काही घेता येतं, हे मुलांच्याही चटकन लक्षात येत नाही ते याच कारणाने. जे दिसत नाही ते मोजायचं सुचत नाही.

पुढचं पाऊल इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टली यांनी टाकलं. १७७१ मध्ये त्यांनी बंद भांड्यात मेणबत्ती जाळली. ती विझल्यावर उरलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. म्हणजे झाड खराब झालेली हवा सुधारतं! १७७३ मध्ये प्रीस्टली यांना रॉयल सोसायटीचं मानाचं पदक मिळालं. ते देताना सोसायटीचे अध्यक्ष म्हणून भाषण केलं, ते आपल्या ओळखीच्या जॉन प्रिंगल यांनी. हे भाषण वाचूनच इंगेनहाउझ यांच्या मनात वनस्पतींचा विषय शिरला.

पण या शोधात एक मोठी अडचण होती. प्रयोग कधी जमायचा, कधी नाही. स्वीडनच्या शेले यांना तर उलटंच दिसलं, झाडाने हवा आणखी बिघडवली. पुढे खुद्द प्रीस्टली यांच्या प्रयोगांतही कधी हे तर कधी ते, असं होऊ लागलं. झाड तेच, भांडं तेच, मग उत्तर वेगळं का? ज्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नव्हतं, तीच गोष्ट दर वेळी बदलत होती.

१७७९ चा उन्हाळा

१७७९ मध्ये इंगेनहाउझ व्हिएन्नाहून रजेवर इंग्लंडला आलेले होते. त्यांनी लंडनजवळच्या खेड्यात एक घर घेतलं आणि जून ते सप्टेंबर या सुमारे तीन महिन्यांत ५०० हून जास्त प्रयोग केले. हिशोब केला तर दिवसाला पाच-सहा प्रयोग होतात. तेही वय पन्नाशीला आलेलं असताना.

त्यांची रीत अगदी साधी होती. काचेची बरणी पाण्याने काठोकाठ भरायची. त्यात ताजी हिरवी पानं घालायची. बरणी पाण्याच्या भांड्यात उपडी ठेवायची आणि उन्हात न्यायची. थोड्या वेळात पानांवर बारीक बुडबुडे दिसू लागत. ते वर जाऊन बरणीच्या तळाशी जमत. जमलेली हवा ते तपासत. तिच्यात ज्योत धरली की ती झगमगून जळे. शिवाय त्या काळी हवेचा चांगुलपणा मोजायचं एक उपकरण होतं. त्यात दुसरा एक वायू मिसळून हवेचं आकारमान किती कमी होतं ते पाहत. ते वापरून प्रत्येक नमुन्याचा आकडा त्यांनी नोंदवला. बरणीतला वायू म्हणजे आपला प्राणवायू, ऑक्सिजन. त्या काळी त्याला हे नाव मिळालेलं नव्हतं.

इथपर्यंत चतुराई झाली. खरी शास्त्रज्ञाची शिस्त पुढे दिसते. त्यांनी दर वेळी एकच गोष्ट बदलली.

पानं उन्हात ठेवली, तर चांगली हवा आली. तशीच पानं अंधारात ठेवली, तर आली नाही, उलट हवा बिघडली. मग शंका आली की हा परिणाम उजेडाचा की उन्हाच्या उबेचा? त्यांनी अंधारात पानांना विस्तवाची ऊब दिली. चांगली हवा आली नाही. म्हणजे काम उजेडाचं, उबेचं नाही. पानांऐवजी मुळं घेतली, फुलं घेतली, फळं घेतली. त्यांनी दिवसासुद्धा हवा बिघडवली. काम फक्त हिरव्या भागांचं, पानांचं आणि हिरव्या देठांचं. सकाळी ऊन चढल्यावर काम सुरू होतं, संध्याकाळी मंदावतं, रात्री बंद पडतं. दाट सावलीतल्या झाडांचं काम नीट चालत नाही. बहुतेक पानांच्या खालच्या बाजूने बुडबुडे जास्त येतात, हेही त्यांनी टिपलं. पर्णरंध्रं शिकवताना ही नोंद जरूर सांगावी.

त्यांनी सुवासिक झाडं घेतली, उग्र वासाची घेतली, विषारीही घेतली. सगळी हे काम सारखंच करताना दिसली. आपल्याकडे मुलांना सांगताना तुळस आणि धोतरा अशी जोडी सांगितली, तर मुद्दा पटकन पोहोचतो.

आता प्रीस्टली आणि शेले यांचं भांडण मिटलं. ज्याची बरणी उजेडात होती त्याला एक उत्तर मिळालं, ज्याची अंधारात होती त्याला दुसरं. दोघेही खरं सांगत होते. बदलणारी गोष्ट होती उजेड, आणि ती कुणी नोंदवलीच नव्हती.

त्याच वर्षी हे सगळं त्यांनी लंडनला पुस्तकरूपाने छापलं आणि ते प्रिंगल यांना अर्पण केलं. पुस्तक लवकरच इतर भाषांतही गेलं. अर्थात मानासाठी वादही झाले. प्रीस्टली त्याच सुमारास उजेडाच्या जवळ येऊन पोहोचले होते. जिनिव्हाचे सेनेबिए हेही याच विषयावर काम करत होते. आधी कोण, यावर बरीच वर्षं कुरबुर चालली.

रात्रीच्या झाडाची भीती

इंगेनहाउझ यांचं एक म्हणणं मात्र जरा ताणलेलं होतं. अंधारात झाडं हवा बिघडवतात, हे त्यांना दिसलं, आणि ते खरंच आहे. झाडही आपल्यासारखं दिवसरात्र श्वसन करतं, कर्बवायू बाहेर टाकतं. दिवसा अन्न तयार करण्याचं काम इतकं जोरात चालतं की श्वसन झाकलं जातं. रात्री ते उघडं पडतं. पण त्यांना वाटलं की ही रात्रीची हवा बंद खोलीतल्या माणसाला घातक ठरेल. प्रत्यक्षात हे प्रमाण फार थोडं असतं. खोलीत कुंडी असण्यापेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कर्बवायू सोडतो.

हा मुद्दा मुद्दाम लिहितो आहे, कारण वर्गात दोन टोकं ऐकू येतात. एक, रात्री झाडाखाली झोपलं तर जीव गुदमरतो. दुसरं, मोबाईलवर फिरणारं, की पिंपळ आणि तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतात. पहिलं अतिशयोक्तीचं आहे. दुसरं चूक आहे. उजेडाशिवाय कोणतंच झाड ऑक्सिजन तयार करत नाही. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री कर्बवायू आत घेऊन साठवतात, पण त्यांनाही ऑक्सिजन सोडायला दिवसच लागतो. पिंपळाबद्दलचा आदर तसाच राहू द्या, त्यासाठी चुकीच्या विज्ञानाचा आधार कशाला?

हवेकडून अन्नाकडे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १७७९ च्या पुस्तकात अन्नाची गोष्ट ठळक नव्हती. तिथला विषय होता, झाडं हवा शुद्ध कशी करतात. माणसाच्या दृष्टीने झाडाचा उपयोग काय, अशी ती मांडणी होती. झाड स्वतः यातून काय मिळवतं, हा प्रश्न मागे राहिला होता.

मधल्या काळात बरंच घडलं. १७८२ मध्ये सेनेबिए यांनी दाखवलं की पानांना हे काम करायला पाण्यात विरघळलेला कर्बवायू लागतो, तो नसेल तर ऑक्सिजन येत नाही. पॅरिसमध्ये लाव्हॉझिए यांनी रसायनशास्त्राची नवी मांडणी केली. ऑक्सिजन, कार्बन ही मूलद्रव्यं म्हणून ओळखली जाऊ लागली. कर्बवायू म्हणजे कार्बन आणि ऑक्सिजन यांचं संयुग, हे कळलं. सुरुवातीला जुन्या विचारांत वाढलेल्या इंगेनहाउझ यांनी ही नवी भाषा स्वीकारली आणि जुने प्रयोग नव्या नजरेने पाहिले.

१७९५-९६ मध्ये इंग्लंडमध्ये धान्याची मोठी टंचाई होती. पीक कसं वाढतं, जमीन कशी सुधारते, हे प्रश्न पोटाशी येऊन भिडले होते. अशा वेळी तिथल्या शेतीमंडळासाठी इंगेनहाउझ यांनी १७९६ मध्ये वनस्पतींचं अन्न आणि जमिनीचा कस या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी मांडलं की झाडाच्या अंगातला कार्बन मुख्यतः हवेतल्या कर्बवायूतून येतो. वजनाच्या कोड्यातला हरवलेला तुकडा सापडला तो इथे.

बघा, पहिल्या पुस्तकापासून या निबंधापर्यंत १७ वर्षं गेली. ज्या माणसाने उजेडाचं महत्त्व शोधलं, त्यालाही ऑक्सिजनपासून अन्नापर्यंत पोहोचायला १७ वर्षं लागली. आपण मात्र हे दोन्ही एका तासिकेत, एका समीकरणात उरकतो. मग होतं काय, की मुलांच्या डोक्यात फक्त पहिला अर्धा भाग राहतो. झाडं आपल्याला ऑक्सिजन देतात, म्हणून झाडं लावा. जणू झाड आपल्यासाठीच राबतं आहे. खरं तर ऑक्सिजन हा या कामातला शिल्लक राहिलेला माल. झाडाचा खरा उद्योग आहे अन्न तयार करणं. पाणी आणि कर्बवायू घ्यायचा, उजेडाच्या शक्तीने त्यापासून साखर बनवायची, काही वापरायची, काही पिष्टमय पदार्थ म्हणून साठवायची, काहीपासून लाकूड, पानं, फळं घडवायची.

वाळलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं. तो सगळा हवेतून आलेला. आणि हवेत कर्बवायूचं प्रमाण किती? साधारण ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजार भागांत चार भाग. एवढ्या विरळ हवेतून वेचून वेचून आंब्याचा बुंधा तयार होतो. मग माती आणि खताचं काय काम? मातीतून पाणी मिळतं, आधार मिळतो आणि थोडे पण अत्यावश्यक क्षार मिळतात. आपल्या जेवणात मीठ असतं तसं समजा. मिठावाचून चालत नाही, पण मिठाने पोट भरत नाही. खताला झाडाचं जेवण म्हणायची सवय आपल्यालाच आहे, ती थोडी सांभाळून वापरली तर मुलांचा अर्धा गोंधळ कमी होईल.

पुढच्या लोकांनी चित्र पुरं केलं. १८०४ मध्ये जिनिव्हाच्या द सोस्यूर यांनी मोजून दाखवलं की कर्बवायूबरोबर पाणीही झाडाच्या वजनात भर घालतं, म्हणजे हेल्मोंटही अर्धे बरोबर होते. १८६० नंतरच्या काळात जर्मनीच्या युलिउस झाक्स यांनी आयोडीन वापरून उजेडातल्या पानात स्टार्च तयार होतो हे सिद्ध केलं. ही सगळी साखळी मुलांना सांगावी. एकाच माणसाने एका दिवसात लावलेला शोध नव्हता तो.

शेवटची वर्षं

इंगेनहाउझ यांचं कुतूहल फक्त पानांपुरतं नव्हतं. बेंजामिन फ्रँकलिन त्यांचे जवळचे मित्र. दोघांची विजेवर, उष्णतेवर वर्षानुवर्षं पत्रं चालत. वेगवेगळ्या धातूंच्या सारख्या सळ्यांना मेण लावायचं, त्यांची टोकं एकाच वेळी गरम करायची आणि कुठल्या सळीवरचं मेण किती दूरपर्यंत वितळतं ते पाहायचं, हा उष्णतावहनाचा प्रयोग त्यांचाच. तो शाळांच्या प्रयोगशाळांत आजही करतात, फक्त करणाऱ्याचं नाव सांगायचं राहून जातं.

१७८८ मध्ये ते व्हिएन्नाहून प्रवासाला निघाले. पुढच्या वर्षी ते पॅरिसमध्ये असतानाच फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. तिथून ते मायदेशी आणि मग इंग्लंडला गेले. युरोपात युद्धं पेटली, त्यात तब्येत साथ देईना. व्हिएन्नाला, पत्नीकडे, परतणं त्यांना पुन्हा कधीच जमलं नाही.

अखेरच्या काळात आणखी एक प्रसंग घडला. १७९८ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीपासून माणसाला संरक्षण मिळतं, असं पुस्तक प्रसिद्ध केलं. आयुष्यभर देवी टोचणाऱ्या या अनुभवी डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांकडे चौकशी केली आणि आपली शंका जेन्नर यांना कळवली. पुढे काळाने जेन्नर यांच्या बाजूने कौल दिला. इतका काटेकोर माणूससुद्धा सगळीकडे बरोबर असतोच असं नाही, हेही मुलांना कळू द्यावं.

७ सप्टेंबर १७९९ रोजी इंग्लंडमधल्या बोवुड या वाड्यात, आपले मित्र लॅन्सडाउन यांच्या घरी, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. योगायोग असा की याच वाड्यात १ ऑगस्ट १७७४ रोजी प्रीस्टली यांनी ऑक्सिजन वेगळा केला होता. तो वायू हिरव्या पानातून उजेडात बाहेर पडतो, हे दाखवणाऱ्याने त्याच छपराखाली डोळे मिटले.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

समीकरण फळ्यावर लिहिण्याआधी दोन-तीन दिवस मुलांना कोड्यात अडकू द्या. हेल्मोंटचे आकडे सांगा आणि वजाबाकी करायला लावा. उत्तर लगेच देऊ नका.

नंतर इंगेनहाउझ यांच्या रीतीचा प्रयोग करा. चंचुपात्रात पाणी घेऊन त्यात हायड्रिला ठेवा, वर नरसाळं उपडं ठेवा, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात एका मिनिटात किती बुडबुडे येतात ते मोजा. मग तेच पात्र सावलीत, मग काळ्या कापडाखाली ठेवून मोजा. पुढच्या वेळी उकळून थंड केलेलं पाणी घ्या. उकळल्यावर त्यातला कर्बवायू निघून जातो, म्हणून बुडबुडे रोडावतात. त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की पुन्हा वाढतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम गटप्रमुखाने सांभाळायचा. कुणाचा आकडा वेगळा आला तर तो खोडू नका. काय वेगळं झालं होतं ते शोधायला लावा. प्रीस्टली आणि शेले यांच्या न जुळणाऱ्या उत्तरांतूनच तर पुढची वाट निघाली.

अन्न खरंच तयार झालं का, हे पाहायला आयोडीनची चाचणी करा. कुंडीतलं रोप दोन दिवस अंधारात ठेवून मग एका पानाच्या काही भागावर काळ्या कागदाची पट्टी लावा आणि उन्हात ठेवा. संध्याकाळी पान उकळून, स्पिरिटमध्ये हिरवा रंग काढून आयोडीन टाका. झाकलेला भाग काळानिळा होत नाही. स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नका, गरम पाण्याच्या भांड्यातच ठेवा, आणि हे काम शिक्षकांनीच करावं.

पालकांना तर याहून सोपं आहे. जेवताना भाकरीचा तुकडा हातात घेऊन मुलाला विचारा, यातला कार्बन ज्वारीकडे कुठून आला असेल? उत्तर मुलाने खिडकीबाहेर बघून दिलं, तर धडा कळला असं समजा.